आखडलेली वाट

खोपोली मागे पडली की जुना मुंबई-पुणे रस्ता वळणं घेत बोरघाट चढू लागतो आणि त्या चढणीवर शिंग्रोबाचं देऊळ लागतं. मालट्रकचे चालक इथे वेग कमी करतात. कुणी खिडकीतून नाणं टाकतं, कुणी स्टिअरिंगवरचा एक हात क्षणभर कपाळाला लावतं. शिंग्रोबाची कथा खालापूर तालुक्यात लहान पोरांनाही ठाऊक असते. घाटातून रेल्वेची वाट काढायला आलेल्या गोऱ्या इंजिनिअरांना डोंगर उलगडेना. तेव्हा गुरं-मेंढरं राखणाऱ्या एका धनगराने त्यांना वाट दाखवली. बक्षीस काय हवं असं विचारल्यावर त्याने आपल्या मुलखाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि त्याला गोळी घातली गेली. तो धनगर म्हणजे शिंग्रोबा.

ही लोकांनी जपलेली कथा आहे. कागदोपत्री सर्वेक्षणाचं श्रेय ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्याकडे जातं. ते १८६२ मध्ये वारले; घाटातून गाडी धावलेली त्यांनाही पाहायला मिळाली नाही. पण लोकांनी देव कुणाला केलं, हे महत्त्वाचं आहे. पाऊस पाडणारे, रोग हटवणारे, शेताची राखण करणारे देव सह्याद्रीत पुष्कळ आहेत. बोरघाटाने मात्र दूरचं जवळ करणाऱ्या माणसाला देवपण दिलं, आणि त्या जवळिकीची किंमत त्याने जिवाने मोजली असं त्याच्या कथेतच सांगून ठेवलं.

कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके दोन हजार वर्षं जाण्या-येण्याच्या वाटेवर बसले आहेत. इथून भिक्षू गेले, तांडे गेले, फौजा गेल्या, दिंड्या आजही जातात. आता द्रुतगती मार्ग दारावरून गेला आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि डिसेंबरअखेर तिथून विमानं उडू लागली. दिवसांचा प्रवास तासांवर आला, तासांचा मिनिटांवर येतो आहे. अशा वेळी श्रद्धाळू माणसाला कधी ना कधी पडणारा प्रश्न असा: वाट आखडली तर यात्रेचं पुण्यही आखडतं का?

प्रश्न नवा नाही. तीर्थयात्रेवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथांनी तो फार गांभीर्याने घेतला होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथामुळे ती सगळी चर्चा आधुनिक वाचकासमोर आली. त्या परंपरेत यात्रेच्या फळाचा चक्क अपूर्णांकांत मांडलेला एक हिशेब आहे. वाहनात बसून गेलं तर निम्मं फळ जातं. छत्री आणि पादत्राणं वापरली तर त्याच्या निम्मं, म्हणजे चौथा भाग. वाटेत व्यापार केला तर चारातले तीन भाग जातात. आणि वाटेत दुसऱ्याचं दान घेतलं, शास्त्राच्या भाषेत प्रतिग्रह केला, तर सगळंच जातं.

या हिशेबातला पहिलाच भाग लोक सांगतात. पायी वारी थोर, गाडीने जाणं हलकं, असं म्हणताना त्याच निम्म्या फळाचा आधार असतो. पण यादी शेवटपर्यंत वाचली तर तिचा रोख वेगळाच दिसतो. पायांना पडलेले फोड आणि डोक्यावरचं ऊन यांचं मोल तिथे बेताचंच आहे. वाहन घेऊनही निम्मी यात्रा शिल्लक राहते. सगळं हरवतं ते फुकट घेतल्याने. प्रवास सोपा झाला म्हणून यात्रा बुडत नाही. यात्रेकरूने दुसऱ्याचं घेतलं आणि परत काही दिलं नाही, तर ती बुडते.

हा निकष बोरघाटाला लावून पाहायला हवा.

मुंबई ते पुणे हे अंतर आकाशातून सरळ रेषेत १२० किलोमीटरच्या आसपास भरतं. लोहमार्गाने ते १९२ किलोमीटर आहे. मधले सत्तरेक किलोमीटर खाडीने आणि सह्याद्रीने घेतले. रस्त्याचा आणि रेल्वेचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे डोंगराकडून ते किलोमीटर आणि त्यांना लागणारा वेळ परत मिळवण्याची खटपट. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात घाटातून गाडीरस्ता खुला झाला, तोवर पालखी, तट्टू आणि हमालाची पाठ हीच साधनं होती. १८५६ मध्ये पळसदरीवरून खोपोलीपर्यंत रेल्वे आली. १८५८ मध्ये वरच्या अंगाला पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली. मधला डोंगर मात्र तसाच होता. त्यामुळे काही वर्षं मुंबईचा उतारू खोपोलीला गाडीतून उतरायचा, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा.

१८६३ च्या मे महिन्यात घाटातली रेल्वे वाहतुकीला खुली झाली. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांची चढण आणि सदतिसात एक असा उतार. गाडीला मागून रेटणारी जादा इंजिनं कर्जतला जोडावी लागतात ती त्या चढणीमुळेच; कर्जत स्टेशनला मोल आलं ते त्यामुळे.

या पंधरा मैलांचा मजुरांच्या बाजूचा इतिहास शाळेच्या पुस्तकात फारसा येत नाही. काम ऐन भरात असताना घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसं राबत होती. पटकीने, तापाने, सुरुंगाने, दरड कोसळून त्यातली हजारो गेली. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी उठाव केला. पहिल्या कंत्राटदाराने काम सोडलं. दुसरे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाय ठेवल्यापासून थोड्याच आठवड्यांत वारले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट पुढे चालवून काम पुरं करवलं. ट्रेडवेल दांपत्याची नावं तरी नोंदली गेली. पाट्या वाहणाऱ्या बायांची, सुरुंग भरणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. लोकांनी शिंग्रोबाच्या रूपाने त्या अनामिकांतल्या निदान एकाला नाव दिलं असं म्हटलं तर ते अतिशयोक्तीचं होणार नाही.

आज एखादा भाविक दख्खनच्या राणीत बसून तीन-सव्वातीन तासांत पुण्याला उतरतो आणि तिथून आळंदीला जातो. त्याचे वाचलेले दिवस कुणीतरी आधी भरून ठेवलेले आहेत. जुन्या ग्रंथकारांना रेल्वे ठाऊक नव्हती. त्यांच्या मनातला प्रतिग्रह म्हणजे तीर्थावर हात पसरून घेतलेलं दान. तरीही त्यांच्या निकषाचा आशय पुढे न्यायचा तर असं म्हणावं लागतं, की आखडलेली वाट हाच आजच्या यात्रेकरूने घेतलेला सर्वांत मोठा प्रतिग्रह आहे. ते पाप नव्हे. ते ऋण आहे, आणि ऋण फेडायचं असतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वेगाला धर्माचा शत्रू ठरवणं हा अन्याय आहे. खालापूर तालुक्यातल्या महडचा वरदविनायक अष्टविनायकांपैकी एक. १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी हे देऊळ उभारलं असं सांगतात. भाविकाला गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने पूजा करता येते, हे या स्थानाचं वैशिष्ट्य. आठ गणपतींपैकी महड आणि पाली रायगडात, सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात आणि उरलेले पाच पुणे जिल्ह्यात. मोरगावहून निघून पुन्हा मोरगावला परतायचं हा रिवाज धरला तर सहाशे-सातशे किलोमीटरचा फेरा होतो. पूर्वी ही यात्रा सवड, पैसा आणि धडधाकट शरीर असलेल्यांची होती. आता शनिवारी पहाटे निघालेली बस रविवारी रात्री माणसं घरी आणून सोडते.

या दोन दिवसांच्या यात्रेला नावं ठेवणारे खूप आहेत. त्यांनी एकदा त्या बसमध्ये कोण बसलेलं असतं ते पाहावं. गुडघे दुखणारी आजी, कारखान्यात आठवड्याला एकच सुट्टी मिळणारा कामगार, घर आणि नोकरी सांभाळून दोन दिवस काढलेली बाई, चाकाच्या खुर्चीतला मुलगा. पायी यात्रेच्या काळात यांतल्या बहुतेकांना देव दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला असता, प्रसाद दुसऱ्याच्या हातून मिळाला असता. रस्त्याने त्यांना त्यांचं दर्शन दिलं. हे वेगाचं खरं पुण्यकर्म आहे आणि ते मान्य न करणारा विचार अधार्मिक म्हणायला हवा.

फुकटपणाचा प्रश्न मात्र तरीही उरतो.

इतर धर्मांनीही अंतर आणि वेळ यांचा विचार अगदी बारकाईने केला आहे, आणि त्यांची उत्तरं या मुलखातल्या माणसांच्या रोजच्या जगण्याला लागू होतात. कर्जत तालुक्यात नेरळ-दामत भागात मुसलमानांची जुनी वस्ती आहे. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे. प्रवासी माणसाला नमाज संक्षिप्त करण्याची, चार रकातींच्या जागी दोन पढण्याची सवलत इस्लामी शास्त्रात आहे. शाफई मताप्रमाणे त्यासाठी लागणारं अंतर आजच्या मापाने सुमारे ऐंशी किलोमीटर धरतात. उंटाच्या चालीने दोन दिवसांचा पल्ला. विमान आलं, मोटार आली, तोच पल्ला तासाभरात होऊ लागला, तेव्हा ही सवलत राहते का असा प्रश्न उभा राहिला. बहुतेक विद्वानांचं उत्तर आलं, की राहते. सवलत अंतराला जोडलेली आहे, दमणुकीला नाही. कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे लोहमार्गाचं अंतर शंभर किलोमीटर. म्हणजे रोज लोकलने दोन तास उभं राहून मुंबईला जाणारा इथला चाकरमानी शास्त्राच्या कसोटीवर मुसाफिर ठरू शकतो.

हजचं उदाहरण याहून बोलकं आहे. मुंबईहून हाजींना घेऊन जाणाऱ्या जहाजांची परंपरा शतकाहून मोठी. कोकणातला माणूस आधी मुंबईच्या मुसाफिरखान्यात येऊन मुक्काम करायचा, मग आठवडाभर किंवा त्याहून अधिक दिवस समुद्रावर काढून जिद्दाला उतरायचा. घरून निघताना लोक देणी फेडत, भांडणं मिटवत, परतू की नाही याची खात्री नसल्याने निरोप घेत. १९९५ मध्ये 'अकबरी' जहाजाची शेवटची फेरी झाली आणि सरकारी व्यवस्थेतली हजची समुद्रयात्रा थांबली. आता मुंबई ते जिद्दा हे सुमारे ३,५०० किलोमीटरचं अंतर विमान पाच-साडेपाच तासांत कापतं. परतीला वारा पाठीशी असल्याने त्याहून कमी वेळ लागतो. दोन्ही शहरांच्या घड्याळांत अडीच तासांचा फरक असल्यामुळे सकाळी दहाला निघालेला हाजी तिथल्या घड्याळात दुपारी एकच्या सुमारास उतरतो.

मक्केभोवती मीकात नावाच्या हद्दी आहेत. तिथे पोहोचण्याआधी पुरुष हाजीने रोजचे कपडे उतरवून शिवण नसलेली दोन पांढरी वस्त्रं नेसायची आणि यात्रेचा संकल्प करायचा. या हद्दी जमिनीवरच्या. उंटावरून येणाऱ्याला तिथे थांबून स्नान करता येई. विमान ती हद्द काही किलोमीटर उंचीवरून डोळ्याचं पातं लवेपर्यंत ओलांडतं. तरी शास्त्राने हद्द सोडली नाही. विमानात घोषणा होते, आणि बरेच हाजी मुंबईतूनच ती वस्त्रं नेसून निघतात. जमिनीवरची रेषा आकाशापर्यंत उभी केली गेली. वेळ कितीही आखडला तरी यात्रा कुठून सुरू होते ते ठिकाण माणसाला कळलं पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. देणी फेडून निघण्याची रीतही टिकून आहे. समुद्रातलं मरण जवळजवळ संपलं, पण दुसऱ्याचं बाकी ठेवून देवाच्या दारी जायचं नाही हा नेम संपला नाही.

रायगडच्याच मातीतले बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली या नावाने ते कोकणात ओळखले जात. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले. पेणकर, रोहेकर ही आडनावं आता तिकडे नांदतात. मुंबई ते तेल अवीव हे सरळ अंतर चार हजार किलोमीटरच्या आसपास. पण इस्रायली विमानाला अरबस्तानच्या आकाशातून जायला मनाई होती. ते दक्षिणेला वळसा घालून तांबड्या समुद्रावरून जाई आणि आठेक तास घेई. मार्च २०१८ मध्ये एअर इंडियाच्या दिल्ली-तेल अवीव विमानाला सौदी अरेबियाने आपल्या आकाशातून जाऊ दिलं आणि प्रवास दोनेक तासांनी कमी झाला. इस्रायली कंपन्यांना ती मुभा आणखी काही वर्षांनी मिळाली. शहरं जागची हलली नाहीत, विमान तेच, अंतर मात्र एका परवानगीने आखडलं. जवळ असणं ही दुसऱ्याने दिलेली गोष्ट असते, हे याहून उघडपणे कुठे दिसायचं?

वेग नाकारणाऱ्यांचं म्हणणंही इथे नीट ऐकायला हवं, कारण ते सहसा चुकीचं ऐकलं जातं. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे लेणी आहेत. कण्हाचा शिष्य बालक याने हे काम केलं असं तिथे ब्राह्मीत कोरलेलं आहे. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा डोंगरात भिक्षूंना पावसाळ्यापुरतं एका जागी थांबायला निवारा लागत असे. वर्षावासाचा नियम का आला, ते विनयपिटकात सांगितलं आहे. भिक्षू पावसाळ्यातही हिंडतात, कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. त्यावरून बुद्धांनी तीन महिने एका ठिकाणी राहायला सांगितलं. स्वतःला क्लेश व्हावेत हा हेतू तिथे कुठेच नाही. जैन साधू-साध्वी आजही याच मुंबई-पुणे रस्त्याने अनवाणी विहार करतात, वाहनात बसत नाहीत, चातुर्मासात मुक्काम हलवत नाहीत. त्याचंही मूळ कारण पायाखाली जीव मरू नये हेच.

म्हणजे श्रमण परंपरेने प्रवासाला विचारलेला प्रश्न किती वेळ लागला किंवा किती दमलात हा नव्हताच. माझ्या जाण्याने वाटेत कोण तुडवलं गेलं, हा तो प्रश्न. घाटाच्या माथ्यावर, कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीचा श्रेष्ठी, धेनुकाकटाचे यवन, सोपाऱ्याचा भिक्षू यांनी आपलं गाव आणि आपलं दान असं दोन्ही दगडात कोरून ठेवलं. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी, सोपारा म्हणजे वसईजवळचं नालासोपारा. पायी यायला किती दिवस लागले हे त्यांच्यापैकी कुणी लिहिलं नाही. आपण वाटेवर काय दिलं, एवढंच त्यांना मागे ठेवण्याजोगं वाटलं. आज त्याच लेण्याच्या दारात एकवीरा आईचं देऊळ आहे आणि चैत्रात आगरी-कोळी समाजाच्या पालख्या खालून घाट चढून तिथे जातात.

कोण तुडवलं गेलं, या प्रश्नाचं खालापूर तालुक्यातलं उत्तर १९ जुलै २०२३ च्या रात्री साऱ्या महाराष्ट्राला मिळालं. इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ही वाडी. चौक गावापासून जवळ, द्रुतगती मार्गापासूनही फार दूर नाही. मुंबईहून बचाव पथकं चौकपर्यंत भराभर आली आणि तिथे थांबली, कारण पुढे रस्ता नव्हता. निसरड्या पाऊलवाटेने तास-दीड तास चढून जावं लागत होतं. माती उपसायची यंत्रं वर नेता येईनात. जवानांनी आणि गावकऱ्यांनी फावड्यांनी, हातांनी ढिगारा उपसला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. शोध थांबवावा लागला.

या तालुक्यात एकाच वेळी दोन अंतरं नांदत होती. खाली मुंबई-पुणे हा ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग. त्यात आणखी वीस-पंचवीस मिनिटं वाचावीत म्हणून खोपोली ते कुसगाव हा १३.३ किलोमीटरचा 'मिसिंग लिंक' आखलेला, दोन प्रचंड बोगदे आणि दरीवरचा उंच पूल यांसह. आणि वर एका वाडीपर्यंत साधी जीप जाईल असाही रस्ता नाही. मिसिंग लिंकला विरोध करायचं कारण नाही. घाटात वाहतूक अडून रुग्णवाहिका खोळंबतात, तिथे तो रस्ता जीव वाचवणारा आहे. पण वीस मिनिटं वाचवण्यासाठी डोंगर फोडणारा समाज त्याच डोंगरातल्या माणसांचा दीड तास वाचवू शकत नसेल, तर घेणं आणि देणं यांतला तोल गेला आहे. विमानतळासाठी उलवे परिसरातली दहा गावं उठली, त्यांचंही देणं याच खात्यात मांडायला हवं. हा विकासाचा प्रश्न आहे तितकाच धर्माचा, कारण ज्यांच्याकडून जवळीक मिळाली ते दूरच राहिले.

मग फेड कशी करायची? आपल्या परंपरेने याचं उत्तर सांगून ठेवलंय. यज्ञ-पूजेला इष्ट म्हणतात, आणि विहिरी, तळी, धर्मशाळा, वाटेवरची झाडं यांना पूर्त. दोन्हींना धर्मात स्थान आहे. खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी नाना फडणवीसांनी महादेवाचं देऊळ बांधलं आणि त्याच्याजवळ मोठं तळं बांधलं. देवळाइतकंच तळं महत्त्वाचं होतं. घाट चढणाऱ्या माणसाला आणि बैलाला चढणीआधी पाणी मिळावं, उतरून आलेल्याला सावली मिळावी, ही त्यामागची दृष्टी. ज्याच्याकडे वेगवान घोडी होती अशा राज्यकर्त्याने सर्वांत सावकाश जाणाऱ्याची सोय केली. त्या काळच्या रस्त्याचं पुण्य असं मोजलं जाई.

आजच्या रस्त्यांवर ही दृष्टी दिसत नाही. द्रुतगती मार्गावर पादचाऱ्याला आणि दुचाकीला मनाई आहे, आणि सुरक्षेसाठी ती योग्यच आहे. पण त्यामुळे पायी जाणाऱ्यांच्या वाट्याला जुना महामार्ग येतो, जिथे अवजड गाड्या त्यांच्या खांद्याला घासून जातात. कार्तिकी वारीला कोकणातल्या दिंड्या याच वाटेने खोपोलीवरून घाट चढून आळंदीला जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये खालापूर तालुक्यातून निघालेल्या दिंडीत मावळातल्या साते गावाजवळ भरधाव पिकअप घुसला आणि वारकरी महिलांचे जीव गेले. एप्रिल २०२३ मध्ये शिंग्रोबा मंदिराच्या परिसरातच बस दरीत कोसळून १३ जण मरण पावले. पुण्याहून मुंबईकडे परतणारं ढोल-ताशा पथक होतं ते.

तेव्हा वाट आखडल्याने पुण्य आखडत नाही. दोन दिवसांत अष्टविनायक करणाऱ्या आजीची यात्रा पुरी आहे, पाच तासांत जिद्दाला उतरलेल्या हाजीचा हजही पुरा आहे. अपुरं आहे ते आपलं परत देणं, आणि ते एकेकट्या भाविकाने नाणं टाकून पुरं होणारं नाही. रस्ता सगळ्यांनी मिळून घेतला, परतफेडही सगळ्यांनी मिळून करायला हवी.

मागणी मोठी नाही. जुन्या महामार्गावर चौकपासून घाटमाथ्यापर्यंत कठडा घातलेली, दोन माणसं शेजारी-शेजारी चालू शकतील अशी पायवाट हवी. दर काही किलोमीटरवर पाणी, शेड आणि बायकांसाठी स्वच्छतागृह हवं. कार्तिकी वारीच्या आणि चैत्रातल्या पालख्यांच्या दिवसांत रात्रीची अवजड वाहतूक थांबवायला हवी. आणि कर्जत-खालापूरच्या डोंगरांतल्या ज्या ज्या वाड्यांना आजही रस्ता नाही, तिथे रुग्णवाहिका पोहोचेल इतका तरी रस्ता हवा, किंवा तिथल्या लोकांच्या संमतीने सुरक्षित जागी पुनर्वसन हवं. देवस्थानांच्या विश्वस्त मंडळांकडे पैसा आहे, टोल वसूल करणाऱ्यांकडे रोज पैसा जमतो, ग्रामपंचायतींना वाटा आणि अडचणी दोन्ही माहीत आहेत. या तिघांनी एका टेबलाशी बसून पुढच्या कार्तिकी एकादशीआधी निदान घाटातल्या पायवाटेचं काम सुरू करावं. महडला, कार्ल्याला, आळंदीला गाडीने जाणाऱ्या प्रत्येक भाविकाने आपल्या देवस्थानाकडे आणि आपल्या लोकप्रतिनिधीकडे एवढी मागणी लेखी करावी.